बाथरूम नवं करताय? परवानगी कुठे लागते, लायसन्स कुणाला लागतं

जळगाव जिल्ह्यातल्या पहूर परिसरात घराची कामं निघतात ती कापसाचा पैसा हाती आला की. दिवाळीनंतर कापूस काट्यावर चढतो, आधी देणी फिटतात आणि मग जानेवारी-फेब्रुवारीत कुणाचा ओटा, कुणाची फरशी, हल्ली बहुतेकांचं बाथरूम. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येणार असतात, नाहीतर वैशाखात घरात लग्न असतं. त्याआधी अंगणाच्या कोपऱ्यातलं पत्र्याचं न्हाणीघर जाऊन तिथं टाईल्स, कमोड, गिझर आलं पाहिजे, असा हिशेब असतो. मिस्त्री ठरतो, जळगावहून टाईल्स येतात, जुनं फोडायला सुरुवात होते. ग्रामपंचायतीत काही सांगायला लागतं का, वायरिंगला कोण बोलवायचा, हे आठवतं शेजारच्यानं विचारल्यावर. तोवर खड्डा खणून झालेला असतो.

म्हणून आधी सरळ उत्तर. आहे त्या चार भिंतींच्या आत टाईल्स, नळ, भांडं, दार, प्लास्टर बदलायचं असेल तर परवानगी लागत नाही. भिंत पुढे सरकवली, अंगणात नवी खोली उभी केली किंवा वरच्या मजल्यावर बाथरूम चढवलं, तर लागते. संडासाच्या पाण्याची वाट बदलली किंवा नवी टाकी खणली, तर आधी ग्रामपंचायतीला लेखी कळवून पोच घ्यावी. आणि लायसन्सचं म्हणाल, तर आपल्यासारख्या गावात बाथरूमच्या कामात कायद्यानं लायसन्स लागतं ते एकाच कारागिराला, वायरमनला. ज्याला आपण सगळ्यात जास्त मजुरी मोजतो त्या मिस्त्रीला कसलंही सरकारी लायसन्स नसतं.

दुरुस्ती कुठे संपते आणि बांधकाम कुठे सुरू होतं, हे सगळ्यात स्पष्ट लिहिलंय मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात. त्याच्या कलम ३४२ मध्ये परवानगीशिवाय करता येणाऱ्या दुरुस्त्यांची यादीच आहे: प्लास्टर, रंग, फरशी बदलणं, संडास, न्हाणी व धुण्याच्या जागेची दुरुस्ती, सांडपाण्याचे पाईप, नळ, मॅनहोल, प्लंबिंग आणि विजेची फिटिंग दुरुस्त करणं किंवा बदलणं. हा कायदा पहूरला लागू नाही, पण रेघ कुठे आखायची ते त्यावरून चांगलं कळतं. जागेची लांबी-रुंदी-उंची तीच राहिली, तोवर ती दुरुस्ती.

पहूरला लागू आहे तो महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, ज्याला जुनी माणसं अजून मुंबई ग्रामपंचायत कायदा म्हणतात. त्याच्या कलम ५२ प्रमाणे नवं बांधायचं किंवा पाडून पुन्हा बांधायचं, तर ग्रामपंचायतीची आधी परवानगी हवी. इथं एक गावची गोष्ट लक्षात ठेवावी लागते: पहूर पेठ आणि पहूर कसबे या दोन वेगळ्या ग्रामपंचायती आहेत. तुमची घरपट्टी जिथं भरता तिथंच अर्ज. अर्जासोबत नमुना ८ चा उतारा, घरपट्टी-पाणीपट्टीची चालू पावती आणि मापं घातलेला नकाशा द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. ग्रामसेवक, म्हणजे आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात ते, ओळखीचे असतात, "करा हो काम, काही होत नाही" म्हणतात. ते मनापासूनच म्हणत असतील, पण त्यांची बदली होते आणि तुमची भिंत तिथंच राहते.

पूर्ण घरच नव्यानं बांधताना बाथरूमही त्यात येणार असेल, तर २०२० नंतर रस्ता बराच सोपा झाला आहे. मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं सोडून राज्यभरासाठी २ डिसेंबर २०२० ला एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली. तिच्या आधारानं ग्रामविकास खात्यानं फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केलं, की १५० चौरस मीटर म्हणजे साधारण १६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर मालकीचे कागद, नकाशे, शुल्काची पावती आणि नकाशे नियमाप्रमाणे असल्याचा परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीला दिला की काम सुरू करता येतं. त्याच्यावर ३०० चौरस मीटरपर्यंत ग्रामपंचायतीनं १० दिवसांत परवानगी द्यायची, नगररचना कार्यालयाच्या फेऱ्या नाहीत. म्हणजे लायसन्सवाला माणूस इथं एकदा लागतोच, पण तो नकाशावर सही करणारा. थापी धरणारा नव्हे.

जामनेर नगरपरिषद किंवा शेंदुर्णी नगरपंचायतीच्या हद्दीत घर असेल, तर जरा जपून. नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यात इमारतीच्या आतला बदलसुद्धा, जर त्यानं सांडपाण्याची व्यवस्था किंवा इमारतीची मजबुती बदलत असेल, तर बांधकामात धरला जातो. मोरीचा संडास केला, आधाराची भिंत फोडून दार काढलं, तर नगरपालिकेत विचारून घ्या. टाईल्स बदलायला कुणी अडवत नाही.

आता हद्दीचं बोलू, कारण गावातली निम्मी भांडणं परवानगीची नसतात, हातभर जागेची असतात. नवं बाथरूम घराच्या मागं किंवा बोळात निघतं, आणि बोळ कुणाचा हे दोन्ही घरांत वेगवेगळं सांगितलं जातं. पूर्वी यावर पंचांचा शब्द चालायचा. एप्रिल २०२० मध्ये केंद्रानं स्वामित्व योजना आणली, त्यात गावठाणांची ड्रोननं मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार होतात. तुमच्या गावठाणाची पत्रिका निघाली असेल तर पाया खणण्याआधी ती हातात घ्या आणि टेप लावा. सार्वजनिक रस्त्यावर किंवा मोकळ्या जागेवर आलेलं बांधकाम काढून टाकायचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. शिवाय सरकारी जागेवरचं अतिक्रमण ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ खाली ग्रामपंचायत सदस्याला अपात्र ठरवतं. पुढेमागे घरातलं कुणी निवडणुकीला उभं राहिलं, तर विरोधक सगळ्यात आधी तुमच्या बाथरूमची मागची भिंत मोजायला येतील. त्याच कलमात दुसरं टोकही आहे: घरात शौचालय नाही किंवा त्याचा नियमित वापर नाही, तरी सदस्य होता येत नाही.

पहूर हा जळगाव-अजिंठा-संभाजीनगर महामार्गावरचा फाटा. जामनेर-बोदवडकडं जाणारा राष्ट्रीय महामार्गही इथूनच फुटतो. रस्त्याच्या कडेच्या घरांनी पुढच्या बाजूला टाकी किंवा चेंबर काढूच नये. घरासमोरची ती जागा कित्येकदा रस्त्याच्या हद्दीत असते, आणि रुंदीकरण निघालं की चेंबरासकट जाते. पाईप नेण्यासाठी महामार्ग खोदायचा, तर त्याची परवानगी ग्रामपंचायत देऊ शकत नाही. ती रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडूनच घ्यावी लागते.

वाढीव बांधकामाची नोंद नमुना ८ ला करून घ्या. डिसेंबर २०१५ च्या सुधारणेपासून ग्रामपंचायतीची घरपट्टी भांडवली मूल्यावर निघते, त्यामुळं क्षेत्र वाढलं की पट्टी थोडी वाढेल. वाढू द्या. घर विकताना, बँकेत तारण ठेवताना किंवा भावांत वाटणी करताना उताऱ्यावर नसलेली खोली म्हणजे डोकेदुखी.

घाण पाण्याची वाट

बाथरूमचा खरा भाग जमिनीखाली असतो. लोक टाईल्सच्या रंगावर आठवडा घालवतात आणि टाकी मिस्त्रीच्या अंदाजावर सोडतात. मी उलट करायला सांगेन.

आधी ठरवा, घरात सेप्टिक टाकी आहे की दोन खड्ड्यांचा संडास. स्वच्छ भारत मिशनमधून १२,००० रुपयांचं अनुदान घेऊन बांधलेले बरेचसे संडास दोन खड्ड्यांचे आहेत. एक खड्डा वापरात, तो भरला की जोडणी दुसऱ्याला, आणि पहिल्याचं दीड-दोन वर्षांत खत. हे संडास लोक उगाच कमी लेखतात. पण या खड्ड्यांत आंघोळीचं आणि कपडे धुण्याचं पाणी सोडायचं नसतं. नवं बाथरूम करताना मिस्त्री सोय म्हणून सगळे पाईप एकाच चेंबरला जोडतो, आणि पाच वर्षं पुरणारा खड्डा पहिल्याच पावसाळ्यात तुंबतो. संडासाचा पाईप वेगळा, न्हाणीचा वेगळा. न्हाणीचं पाणी शोषखड्ड्याला किंवा परसातल्या केळीला-शेवग्याला द्या. अनुदानाबद्दलही एक सांगतो: ते संडास नसलेल्या पात्र कुटुंबासाठी आहे. असलेला संडास चकाचक करायला मिळत नाही. तसा फॉर्म भरून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. घरकुलाच्या लाभार्थ्यांना मात्र घराच्या १ लाख २० हजारांशिवाय संडासाचे १२,००० वेगळे मिळतात.

सेप्टिक टाकी करणार असाल तर भारतीय मानक २४७० मध्ये मापं दिलेली आहेत. पाच माणसांच्या घराला आतून दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटर. दहा माणसांना दोन मीटर लांब, ०.९ मीटर रुंद. याहून फार मोठी टाकी बांधून उपयोग नाही, पण दोन कप्पे, वायूचा पाईप घराच्या उंचीच्या वर आणि त्याला जाळी, हे हवंच. टाकीतून बाहेर पडणारं पाणी स्वच्छ नसतं. ते शोषखड्ड्यात जायचं असतं आणि तो शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर लांब. आपल्याकडे परसात बोअर असते, शेजाऱ्याची विहीर भिंतीपलीकडे असते, म्हणून टेप आपल्या हद्दीत नाही, विहिरीपासून धरायची. टाकीचा पाईप गावच्या उघड्या गटारीला सोडणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट मार्ग आहे. ती गटार शेवटी वाघूर नदीलाच जाते.

काळ्या मातीची अडचण निराळी. ती पाणी शोषते कमी, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि सांध्यातून पाईप ओढून काढते. जाळीच्या वीटबांधणीच्या खड्ड्याभोवती म्हणून बाहेरून फूटभर जाडीचा वाळू-खडीचा थर भरावा लागतो. पाईपही मातीवर नाही, वाळूच्या थरावर बसवायचा. ढाळ फुटाला साधारण पाव इंच. मिस्त्री "अंदाजानं देतो" म्हणाला तर लेव्हल पाईप मागा. ढाळ कमी पडला तर मैला थांबतो, भलताच जास्त दिला तर पाणी पुढं पळतं आणि मैला मागं राहतो.

जुनी टाकी फोडायची किंवा उपसायची असेल, तर हे वाक्य घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा: तिच्यात माणूस उतरवायचा नाही. मिस्त्री नाही, मजूर नाही, "मी आत्ता काढतो" म्हणणारा घरचा पोरगाही नाही. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठलेला असतो. पहिला बेशुद्ध पडतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. हातानं मैला सफाईला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय सेप्टिक टाकीत माणूस उतरवणं हा गुन्हा आहे, आणि तो घरमालकालाही लागतो: पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गटार सफाईत मृत्यू झाल्यास भरपाई ३० लाख रुपये केली. मैला उपसणारी गाडी मागवा. काही हजार लागतील.

आतली मापंही थोडक्यात. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे नुसत्या न्हाणीला किमान १.८ चौरस मीटर, नुसत्या संडासाला १.१, आणि दोन्ही एकत्र असतील तर २.८, म्हणजे सुमारे ३० चौरस फूट, रुंदी चार फुटांच्या खाली नको. एक भिंत बाहेरच्या हवेला हवी. संडासाचं दार थेट स्वयंपाकघरात उघडू नये. फरशीचा ढाळ जाळीकडं, ओसरीकडं किंवा खोलीकडं नाही. भिंतीला किमान एक मीटरपर्यंत पाणी न मुरणारा गिलावा किंवा टाईल्स. ही मापं कुणी मोजायला येणार नाही, पण घरात गुडघे दुखणारी आजी असेल तर त्या चार फुटांचं महत्त्व कळतं. दार शक्यतो बाहेर उघडणारं करा, आत कुणी पडलं तर दार अडत नाही.

आणि धाब्याच्या जुन्या घरावर बाथरूम चढवायचा विचार असेल, तर सोडून द्या. १,००० लिटरची पाण्याची टाकी म्हणजे एक टन वजन. लाकडी सरे आणि खाऱ्या मातीचं धाबं ते पेलायला बांधलेलं नसतं, आणि खाली गळणाऱ्या पाण्यानं सरा कुजतोय हे वर्षभर कळतही नाही. बाथरूम अंगणातच, स्वतःच्या पायावर.

लायसन्स नेमकं कुणाला

मिस्त्री, फरशीवाला, पेंटर यांना लायसन्स देणारी यंत्रणा महाराष्ट्रात नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाकडं नोंदलेले ठेकेदार असतात. ती नोंदणी सरकारी निविदा भरण्यासाठी असते, तुमच्या बाथरूमशी तिचा संबंध नाही. दुसरं एक कार्ड हमखास दाखवलं जातं, बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचं. ते १८ ते ६० वयाच्या, वर्षात ९० दिवस बांधकामावर राबलेल्या कामगाराला मिळतं आणि त्यावर त्याच्या मुलांना शिष्यवृत्ती, घरच्यांना इतर योजना मिळतात. चांगली गोष्ट आहे. तुमच्याकडं काम केलं असेल तर त्याच्या ९० दिवसांच्या दाखल्याला तुमचे दिवस खुशाल लिहून द्या. पण ते कार्ड कारागिरीचा दाखला नव्हे.

प्लंबरचं थोडं वेगळं. जळगावसारख्या महापालिकेत नळजोडणीसाठी पालिकेचा परवानाधारक प्लंबर लागतो. पहूरला तसं नाही. आयटीआयचं प्लंबरचं प्रमाणपत्र असेल तर उत्तम, नसेल तर त्यानं मागच्या दोन-तीन वर्षांत केलेली बाथरूमं जाऊन पहा. नवी चमकणारी नाही, दोन पावसाळे झालेली पहा. मागच्या भिंतीला ओल आहे का, जाळीपाशी पाणी साचतं का, एवढं बघितलं तरी पुरे.

वायरमनच्या बाबतीत मात्र कायदा ठाम आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांप्रमाणे दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली, तर विजेचं कुठलंही नवं काम, वाढ किंवा फेरबदल राज्य सरकारचं लायसन्स असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं असतं, आणि त्याची देखरेख सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या माणसानं करायची. गिझरची लाईन ओढणं हा फेरबदल आहे. म्हणजे बाथरूममध्ये जीव ज्याच्यानं जातो, त्याच कामाला लायसन्स लागतं. हे बरोबरच आहे. त्याचं परवानापत्र मागा, त्यावरची मुदत पहा, कामानंतर चाचणीचा अहवाल मागा. रागावला तर दुसरा बोलवा.

या वायरमनकडून काय काय करून घ्यायचं, तेही ठरवून ठेवा. बाथरूमच्या लाईनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच लाईन तोडणारा स्विच. स्विचबोर्ड बाहेर. गिझरला स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तार, स्वतंत्र एमसीबी, आणि अर्थिंग. अर्थिंग म्हणजे नळाच्या पाईपला गुंडाळलेली तार नव्हे, स्वतःचा खड्डा. खानदेशच्या उन्हाळ्यात जमीन इतकी कोरडी होते की खड्ड्यातला ओलावा मरतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. एप्रिल-मेमध्ये त्यात बादलीभर पाणी ओतायची सवय लावा. गिझर आयएसआय शिक्क्याचाच घ्या. साठवणुकीच्या गिझरला तो शिक्का सक्तीचा आहे, रस्त्यावर मिळणाऱ्या नळावरच्या झटपट गरम पाण्याच्या खेळण्यांना नसतो. दोन-तीन किलोवॉटनं भार वाढणार असेल तर महावितरणकडं मंजूर भार वाढवून घ्या. गॅसचा गिझर असेल तर तो बाथरूमच्या आत नको, बाहेरच्या हवेत. बंद दारामागं तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

पहूरच्याच एखाद्या घरातला मुलगा कॅलिफोर्नियात असेल तर तो तिकडचं सांगेल. तिथं मजुरी आणि सामान धरून १,००० डॉलरच्या वरचं घरदुरुस्तीचं काम लायसन्स नसलेल्या माणसाला घेताच येत नाही. ही मर्यादा १ जानेवारी २०२५ पर्यंत ५०० डॉलरची होती. लायसन्सचा नंबर करारावर छापावा लागतो आणि कुणीही तो ऑनलाईन तपासू शकतो. आपल्याकडे असं काही लवकर येईल असं मला वाटत नाही, आणि आलं तर गावातल्या हुशार पण शाळा अर्धवट सोडलेल्या मिस्त्रीचं काय होईल याचीही काळजी वाटते. पण तिथला एक नियम उचलण्यासारखा आहे: आगाऊ रक्कम कामाच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यातली जी कमी असेल तेवढीच. आपल्याकडे उचल निम्मी दिली जाते, आणि मग मिस्त्री दुसऱ्या गावच्या कामावर दिसतो.

लायसन्स नसलं, की त्याची जागा कागद घेतो. काम उक्तं देताय की रोजानं, ते आधी लिहा. उक्तं असेल तर काय काय त्यात: फोडणं, मलबा उचलणं, कोबा, वॉटरप्रूफिंग, टाईल्स, कन्सील्ड पाईप, भांडं बसवणं, चेंबर. सामान कोण आणणार, पाईप कुठल्या जाडीचा. पैसे टप्प्यानं: थोडी उचल, पाईप आणि कोबा झाल्यावर एक हप्ता, टाईल्सनंतर एक, आणि शेवटचा हप्ता पाणी भरून पाहिल्यावर. साध्या कागदावर दोघांच्या सह्या आणि एक साक्षीदार, एवढंही नसण्यापेक्षा शंभरपट बरं. पैसे शक्यतो फोनवरून द्या, नोंद आपोआप राहते.

ते पाणी भरून पाहणं काय असतं, ते नीट सांगतो, कारण इथंच सगळे घाई करतात. वॉटरप्रूफिंगचा थर झाला की, टाईल्स लावण्याआधी, जाळीचं तोंड कापडानं-सिमेंटनं बंद करायचं आणि दोन-तीन इंच पाणी सोडायचं. भिंतीवर पेन्सिलीनं पाण्याची रेघ मारायची. किमान २४ तास, जमलं तर ४८ तास तसंच ठेवायचं. रेघेखाली थोडं गेलं तर ते उन्हानं वाळलंय की खाली गेलंय, हे कळायला शेजारी तेवढंच पाणी भरलेलं एक घमेलं ठेवा. दोन्हींतलं सारखं उतरलं तर ऊन, फरशीवरचं जास्त उतरलं तर गळती. मार्चच्या शेवटाला हे करायचं ठरवलं तर पाणी मिळत नाही, आणि सिमेंटच्या कामावर दहा दिवस मारायला पाणी हवं असतं तेही मिळत नाही. म्हणून काम आखाजीच्या आधी संपवायचं असेल तर होळीच्या आत सुरू करा. भांडं विकत घेण्याआधी जुन्या पाईपचं भिंतीपासूनचं अंतर मोजून दुकानात न्या. देशी संडासाच्या जागी कमोड बसवताना तो पाईप ९ इंचांवर आहे की १२ वर, यावर भांडं ठरतं. टाईल्स लागण्याआधी भिंतीतल्या पाईपांचे फोटो काढा, फोटोत टेप दिसू द्या.

एवढं करूनही काम बिघडलं आणि मिस्त्री फिरकलाच नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. पैसे देऊन घेतलेलं काम म्हणजे सेवा, आणि तिच्यातली त्रुटी जिल्हा ग्राहक आयोगाकडं नेता येते. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे जळगावला. कामाला मोजलेले पैसे पाच लाखांच्या आत असतील तर शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, बरीच प्रकरणं नोटिशीतच मिटतात. तिथं कामाला येतो तो तुमचा कागद, फोनवरच्या पैशांची नोंद आणि फोटो.

मुलांच्या शिक्षणासाठी जळगावात किंवा पुण्यात फ्लॅट घेतलेली पहूरची घरं बरीच आहेत. तिथं ग्रामपंचायतीच्या जागी सोसायटी येते. फोडफोड करण्याआधी सोसायटीच्या समितीची लेखी परवानगी घ्यावी लागते, काम कुठल्या वेळात करायचं तेही ती ठरवते. बाथरूमची जागा सरकवायची नाही. तुमचं नवं बाथरूम खालच्याच्या देवघरावर किंवा झोपायच्या खोलीवर आलं की भांडण ठरलेलं. आतल्या संडास-मोरीच्या गळतीचा खर्च सोसायटी देत नाही, तो ज्याच्या फ्लॅटमधून गळतं त्याचा. म्हणून हातोडा पडण्याआधी खालच्या घरात जाऊन त्यांच्या बाथरूमच्या छताचे तारखेसकट फोटो काढा आणि त्यांच्याच फोनवर पाठवून द्या. जुनी ओल नंतर तुमच्या नावावर लिहिली जात नाही.